प्रोन रायफल: पहिल्या स्पर्धेला जाण्याआधी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं-पोरी रायफलला पहिला हात लावतात तो एनसीसीच्या कॅम्पात. .२२ ची रायफल, २५ मीटरवर टार्गेट, मोजून दिलेल्या गोळ्या, मागे उस्ताद उभे. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, किती सेंटिमीटरचा आला त्यावर शाबासकी, नाहीतर पुशअप. मग कुणीतरी म्हणतं, ‘भो, तुझा हात बरा आहे, ५० मीटर प्रोनला नाव टाक.’ तिथं गेल्यावर कळतं की ग्रुपला कुणी विचारत नाही. दहा गोळ्या एकमेकींना चिकटून सातच्या वर्तुळात बसल्या तर हातात सत्तर गुण येतात आणि कौतुक कुणी करत नाही.

प्रोन म्हणजे पोटावर पालथं पडून, स्लिंगच्या (दंडाला बांधून रायफलला अडकवलेल्या पट्ट्याच्या) आधारानं रायफल धरून मारणं. उभं राहून किंवा गुडघ्यावर बसून मारण्यापेक्षा ही पोझिशन कितीतरी स्थिर, म्हणून लोक हिला सोपी समजतात. माझं मत उलटं आहे. स्थिर असल्यामुळं इथं सगळ्यांचेच दहा लागतात, आणि ज्याचे दोन-तीन नऊ गेले तो यादीत धाडकन खाली येतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेलारूसच्या सर्गेई मार्तिनोव यांनी पात्रता फेरीत ६०० पैकी ६०० मारले. आपले जॉयदीप कर्माकार ५९५ वर होते. ते फायनलला गेले आणि ब्राँझपासून १.९ गुणांवर, चौथे राहिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या त्या ५९७ वर. चांगल्या आणि फार चांगल्या नेमबाजात फरक एवढासाच. नवख्यांचं नुकसान मात्र नेम चुकल्यानं कमी आणि नियम, घड्याळ नि वारा न कळल्यानं जास्त होतं, म्हणून इथं भर त्या तिघांवर आहे.

पुरुषांची प्रोन स्पर्धा २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळली गेली. पण जागतिक स्पर्धांत आणि आपल्या नॅशनलमध्ये ती चालू आहे, आणि ऑलिंपिकच्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अशा तिन्ही पोझिशनच्या स्पर्धेत) प्रोन हा एक भाग आहेच. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते याच थ्री पोझिशनमध्ये. ते मध्य रेल्वेत नोकरीला, त्यामुळं भुसावळकरांना त्या पदकात आपला थोडा वाटा वाटला तर हरकत नाही.

नाव देण्याआधी

.२२ ची रायफल हे परवान्याचं शस्त्र आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम तिला लागू होतात. वय २१ च्या आत असेल तर स्वतःच्या नावावर परवान्याचा विचारच नको. रीतसर रायफल क्लबचं सदस्य व्हायचं आणि क्लबच्या रायफलवर, क्लबच्या देखरेखीखाली शिकायचं. कुणा ओळखीच्याची रायफल घेऊन शेतात ‘जरा हात बसवतो’ म्हणणं हा सराव नाही, गुन्हा आहे. हे एकदाच सांगतो.

५० मीटरची रेंज गावाजवळ नसेल तर रडत बसू नका. ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, फक्त दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागतो. स्लिंग, कोपरांची जागा, श्वास, ट्रिगर हे सगळं १० मीटरवर, मागे पक्की भिंत किंवा पेलेट अडवणारी पेटी ठेवून, बसवता येतं. वारा तेवढा शिकायचा राहतो, आणि तो मोठ्या रेंजवरच शिकता येतो. पुण्याचं बालेवाडी किंवा मुंबईचं वरळी, जिथं राज्याच्या स्पर्धा होतात तिथं एक-दोन दिवस आधी पोहोचा.

वाट अशी: क्लब किंवा जिल्हा संघटनेमार्फत राज्याची स्पर्धा, तिथं ठरलेला किमान स्कोअर केला की प्री-नॅशनल, मग नॅशनल. हा किमान स्कोअर भारतीय रायफल संघटना ठरवते आणि तो बदलत राहतो, तेव्हा मित्राच्या तोंडचा आकडा न धरता त्या वर्षीचं पत्रक वाचा. पत्रकात स्पर्धेपुढे ‘एनआर’ लिहिलंय की ‘आयएसएसएफ’, हेही बघा. एनआर म्हणजे देशांतर्गत नियमांची स्पर्धा, आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांची. गोळ्यांची संख्या, वेळ आणि गुण मोजायची रीत या दोन्हींत वेगळी असू शकते. पुढं जे लिहिलंय ते आयएसएसएफ प्रोनचं.

सामान आणि तपासणी

स्पर्धेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी सामानाची तपासणी होते. पोरं घाबरतात ती इथंच, पण मापं माहीत असली तर घाबरण्यासारखं काही नाही. रायफल साइटसकट, म्हणजे नेम धरायच्या साधनासकट, ८ किलोच्या आत. दुर्बीण लावलेली रायफल चालत नाही. मागं छिद्राची साइट, पुढं नळीत रिंग, बस्स. चष्म्याचा नंबर असेल तर भिंग लावायला परवानगी आहे. जमिनीवर स्टँडला लावून टार्गेट बघायची दुर्बीण मात्र खुशाल ठेवा.

जॅकेटचं कापड एकेरी २.५ मिलिमीटर, दुहेरी मोजलं तर ५ मिलिमीटर, याहून जाड नको. आतले कपडेही याच मापाचे. नाशिककडच्या पोरांना थंडीत आत स्वेटर घालायचा मोह होतो. आपल्याकडं मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत तो प्रश्नच येत नाही, उलट घामानं जॅकेट ओलं होऊन ढिलं पडतं. हातमोजा पुढची-मागची जाडी धरून १२ मिलिमीटर. स्लिंगची रुंदी ४० मिलिमीटरपर्यंत. जॅकेट कडक आहे का हेही यंत्रावर तपासतात, आणि स्पर्धा संपल्यावर पुन्हा कुणालाही तपासणीला बोलावू शकतात. तेव्हा पास झालेलं जॅकेट ठेवून दुसरंच घालणाऱ्यानं स्वतःला हुशार समजू नये.

चटई रेंजवर देतात, घरची चटई चालत नाही. कानाला लावायला इअरप्लग, डोळ्याला संरक्षण, आणि नारिंगी सेफ्टी फ्लॅग. हा फ्लॅग म्हणजे चेंबरमध्ये (गोळी बसते त्या पोकळीत) घालायची प्लॅस्टिकची दांडी. रायफल पेटीतून निघते तेव्हापासून गोळी भरायचा हुकूम होईपर्यंत ती आतच राहिली पाहिजे. मोबाइल फायरिंग पॉइंटवर नाही, म्हणजे नाही. खिशातही नको.

कसं पडायचं

नियमातली पोझिशन वाचली की ती किचकट वाटते, पण चार गोष्टी धरल्या की पुरे. रायफलला आधार दोन हात आणि एक खांदा यांचाच. गाल स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) टेकला तर चालतो. स्लिंग रायफलच्या हुकाला अडकवलेली असते तेवढं सोडून रायफल स्लिंगला, जॅकेटला, चटईला, पिशवीला, कशालाच टेकायची नाही. दोन्ही हातांचे कोपरापुढचे भाग जमिनीपासून दिसतील इतके उचललेले हवेत, आणि स्लिंगचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा खाली जाता कामा नये. उंच, सडपातळ पोरं नेमकी इथं अडकतात. त्यांना आडवं, जमिनीला चिकटून पडायची सवय असते आणि रेंज ऑफिसर कोनमापक घेऊन बाजूला बसतो.

उजव्या हातानं मारणाऱ्याची गोष्ट धरू. डावा कोपर रायफलच्या किंचित डावीकडं, फार आत ओढू नका. अंग टार्गेटच्या रेषेला थोडं तिरकं. उजवा गुडघा जरा वर ओढला तर पोट चटईवरून मोकळं होतं आणि श्वास घेताना, नाडी उडताना रायफल कमी हलते. स्लिंग इतकी ताणलेली हवी की डाव्या हाताची बोटं सैल सोडली तरी रायफल खाली येणार नाही. ती दंडावर फार खाली बांधली तर पुढच्या रिंगमध्ये तुमची नाडी दिसायला लागते: काळा गोल ठकठक वर-खाली होतो. असं झालं की स्लिंग दंडावर वर, खांद्याकडं सरकवा.

आता नवख्यांना न सांगता समजत नाही अशी गोष्ट. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, सोडा, डोळे उघडा. काळा गोल रिंगच्या मधोमध आहे? नसेल तर हातानं ढकलून मधोमध आणू नका. डावा कोपर जागचा न हलवता कंबर सरकवा. रिंग डावीकडं गेली असेल तर कंबर डावीकडं न्या, उजवीकडं असेल तर उजवीकडं. वर-खालीसाठी पोट किंचित पुढं-मागं. दर चार-पाच गोळ्यांनी हे पुन्हा तपासायचं, कारण कोपर चटईत रुतत जातो आणि माणसाला कळत नाही. स्नायूंनी ढकलून धरलेली रायफल ट्रिगर सुटला की आपल्या मूळ जागी परत जाते, आणि गोळी तिच्याबरोबर जाते.

श्वासाबरोबर रायफल सरळ उभी वर-खाली झाली पाहिजे. तिरकी गेली तर पोझिशनमध्ये कुठंतरी ओढाताण आहे. श्वास अर्धा सोडून थांबा, आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर गाल उचला आणि पहिल्यापासून सुरू करा. ‘आता सुटतोच आहे’ म्हणून ताणलेली गोळी नवाची असते.

घड्याळ

हुकूम इंग्रजीत मिळतात. ‘प्रिपरेशन अँड साइटिंग’ म्हटलं की १५ मिनिटं सुरू. या वेळात पाहिजे तितके साइटर मारा, म्हणजे मोजात न धरल्या जाणाऱ्या गोळ्या. वेळ संपली की ‘स्टॉप’. थोड्या विरामानं ‘मॅच फायरिंग, स्टार्ट’. तिथून ६० गोळ्यांना ५० मिनिटं, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर. कागदी टार्गेट असेल तर ६० मिनिटं. ‘स्टार्ट’ झाल्यावर साइटर नाही. त्यापुढची प्रत्येक गोळी खात्यात.

५० मिनिटांत ६० म्हणजे गोळीमागं ५० सेकंद. पुरेसे वाटतात, आणि वारा नसेल तर पुरतातही. पण वारा उठला तर थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ शिल्लक लागतो. म्हणून शांत असेल तेव्हा झटझट मारून घ्या. पहिल्या २० गोळ्या एका लयीत १५ मिनिटांच्या आत संपवल्या आणि तीच लय ठेवली तर निदान पाच मिनिटं हातात राहतात. नवखी पोरं उलटं करतात: सुरुवातीला एकेक गोळी पूजेसारखी मांडून मारतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत बारा गोळ्या उरलेल्या असतात. ‘स्टॉप’नंतर सुटलेली गोळी शून्य.

साइटरच्या वेळात एकेका गोळीमागं साइट फिरवत बसू नका. तीन-चार गोळ्या मारा, त्यांचा मध्य कुठं आहे बघा, मग क्लिक द्या, म्हणजे साइटचं बटण खाचेखाचेनं फिरवा. बहुतेक मॅच साइटवर एक क्लिक ५० मीटरवर दोन-तीन मिलिमीटरची असते. तुमच्या रायफलीची किती, ते सरावात दहा क्लिक देऊन मोजून ठेवा आणि साइटच्या डब्यावर लिहून ठेवा.

वारा

हा भाग मोठा होणार, कारण खानदेशात इथंच पोरं पुढं जाऊ शकतात किंवा मागं पडतात. .२२ ची मॅच गोळी हलकी, २.६ ग्रॅमच्या आसपास, आणि आवाजापेक्षा जरा कमी वेगानं जाते. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला, म्हणजे गालाला जेमतेम लागेल एवढा, तरी ती ५० मीटरवर साधारण पाच-सहा मिलिमीटर सरकते. पुढं गुणांचं गणित बघाल तेव्हा लक्षात येईल की आठ मिलिमीटरला एक गुण जातो. दुपारी अकरानंतरचा आपला गरम वारा तीन-चार मीटरचा सहज असतो.

रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या पट्ट्या लावलेल्या असतात, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब, हलक्या कापडाच्या. नवखा ३० मीटरची पट्टी बघतो, कारण ती टार्गेटजवळ. बघायची जास्त १० मीटरची. गोळी तुमच्याजवळ ढकलली गेली तर उरलेलं अंतर ती तिरकीच जाते, टार्गेटजवळच्या ढकलीला वेळ कमी मिळतो. दोन पट्ट्या उलट दिशांना फडफडत असतील तर सरळ थांबा.

आणखी एक. आपल्या रायफलींच्या नळीत उजवा पीळ असतो, त्यामुळं वारा गोळीला नुसता आडवा ढकलत नाही, थोडा उभाही ढकलतो. उजवीकडून वारा आला तर गोळी डावीकडं आणि जराशी वर; डावीकडून आला तर उजवीकडं आणि जराशी खाली. घड्याळाच्या भाषेत दहा आणि चार. तुमचे नऊ सगळे दहा-चारच्या रेषेवर पडत असतील तर नेम नाही, वारा चुकतोय.

करायचं काय? दोन रीती आहेत. एक, जो वारा सगळ्यात जास्त वेळ टिकतो तो निवडायचा, साइटरमध्ये त्याच वाऱ्यावर साइट बसवायची, आणि मॅचमध्ये तो वारा असेल तेव्हाच मारायचं. बदलला की रायफल खांद्यावर ठेवून वाट बघायची. दुसरी, वाऱ्याप्रमाणं क्लिक देत राहायचं. दुसरी रीत जाणत्यांची. नवख्यानं क्लिक दिली की ती परत घ्यायला विसरतो, आणि मग डावीकडच्या नवाला उत्तर म्हणून उजवीकडचा नऊ येतो. पहिल्या वर्षी पहिलीच रीत धरा.

केळीच्या बागेभोवती शेवरी का लावतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वारा वाचायला शिकवावं लागत नाही. अंगाला लागायच्या आधी तो बांधावरच्या गवतात, झाडाच्या शेंड्यात दिसतो. रेंजच्या कडेची झाडं, कंपाउंडवरचा पोलिथिनचा तुकडा, दूरची धूळ, हे सगळं पट्टीच्या आधी सांगतं. साइटरच्या १५ मिनिटांत पाच मिनिटं नुसतं हे बघण्यात घालवली तर वाया जात नाहीत.

उन्हाची दुसरी पीडा म्हणजे जमिनीवरून उठणारी वाफ. दुर्बिणीतून टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं हलतं आणि काळा गोल खरा आहे त्याच्या थोडा वर किंवा बाजूला दिसतो. वाफ ज्या दिशेला वाहते त्यावरून वाराही कळतो. वाफ सरळ वर उकळताना दिसली तर वारा पडलाय किंवा फिरायच्या बेतात आहे, त्या क्षणी मारू नका. तापलेल्या चेंबरमध्ये गोळी भरून वाट बघत बसू नका, बारूद गरम होऊन वेग बदलतो. वाऱ्यासाठी थांबायचं तर बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून थांबा. गोळ्यांचा डबा सावलीत.

जमलं तर सकाळच्या डिटेलला मारता येईल असं बघा. डिटेल म्हणजे एका वेळी रेंजवर उतरणारी तुकडी. सोडत आयोजकांच्या हातात असते, पण यादी लागली की लगेच बघा म्हणजे मनाची तयारी होते.

गुण

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. शर्टाच्या बटनाएवढं. त्याच्या आत ५ मिलिमीटरचं इनर टेन. नवाचं वर्तुळ २६.४, आठाचं ४२.४, असं प्रत्येक १६ मिलिमीटरनं वाढत एकाचं १५४.४. काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा, नेम धरायला.

गोळी ५.६ मिलिमीटरची. भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, हा मूळ नियम. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा (दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२, गोळीची २.८). १६ च्या आत पडला की नऊ.

कागदावर शंकेचं भोक आलं की गेज लावतात. तो लहानसा धातूचा खुंट असतो, गोळीच्या मापाची कड असलेला. परीक्षक तो भोकात सरळ, उभा घालतो, हात काढून घेतो, भिंग लावतो आणि कड रेषेला शिवते का बघतो. गेज एकदाच घालायचा, कारण घालताना कागद दाबला जातो आणि भोक बदलतं. म्हणून तुमचं कागदी टार्गेट हातात आलं तर भोकावर बोट फिरवू नका, आणि ‘मला दहाच दिसतोय’ म्हणून काडी तर अजिबात घालू नका. साइटरचं कागदी टार्गेट ओळखायला सोपं, उजव्या वरच्या कोपऱ्यात काळी तिरकी पट्टी असते. मॅचची गोळी त्याच्यावर मारलीत तर ती मॅचमध्ये धरली जात नाही, म्हणून टार्गेट बदललं की पहिलं काम कोपरा बघायचं.

आता दशांश. २०१३ पासून प्रोनचे गुण दशांशात मोजतात. प्रत्येक वर्तुळाच्या ८ मिलिमीटरचे दहा भाग केले की एक भाग ०.८ मिलिमीटरचा. मध्याला गोळी ०.८ च्या आत असेल तर १०.९, त्यापुढं १०.८, असं करत ८ मिलिमीटरला १०.०, मग ९.९. सगळ्या ६० गोळ्या १०.९ पडल्या तर ६५४.०, हा कागदावरचा कमाल आकडा.

फरक कसा पडतो ते दोन पोरांच्या एकेका मालिकेवर बघा. पहिल्याच्या गोळ्या: १०.४, १०.६, ९.९, १०.२, १०.७, १०.१, १०.५, ९.८, १०.३, १०.४. दुसऱ्याच्या: १०.०, १०.१, १०.२, १०.०, १०.३, १०.१, १०.२, १०.०, १०.४, १०.१. जुन्या पूर्णांक पद्धतीनं पहिल्याचे ९८, कारण दोन नऊ, दुसऱ्याचे शंभर. दशांशात पहिल्याचे १०२.९ आणि दुसऱ्याचे १०१.४. निकाल उलटा. दुसऱ्याचा एकही नऊ नाही, पण त्याच्या गोळ्या दहाच्या काठावरून फिरतायत. जुन्या पद्धतीत काठावरच्या दहालाही पूर्ण दहाच मिळायचे. आता ९.९ आणि १०.० मधला फरक १०.५ आणि १०.६ मधल्या फरकाएवढाच.

माझ्या मते नवख्यासाठी ही चांगली बातमी आहे. एक ९.८ गेली म्हणून सामना गेला नाही. तीन गोळ्या मध्याजवळ घातल्या की भरपाई होते. पूर्णांकात गेलेला गुण कधीच परत यायचा नाही. तरी जिल्ह्याच्या आणि एनआर स्पर्धांत पूर्णांक अजून भेटतो, त्यामुळं वहीत दोन्ही आकडे लिहा. पूर्णांकात बरोबरी झाली तर आधी इनर टेन मोजतात. दशांशात शेवटच्या दहाच्या मालिकेपासून मागं मागं जात तुलना करतात. म्हणजे शेवटच्या दहा गोळ्या कंटाळून मारू नयेत.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर पडदा तुमच्या शेजारीच असतो. प्रत्येक गोळीनंतर नजर पडद्यावर जातेच. आकडा वाचण्याआधी मनात म्हणा, ‘ही उजवीकडं गेली.’ मग बघा. मनातली जागा आणि पडद्यावरची जागा जुळत नसेल तर वारा किंवा साइट. जुळत असेल आणि वाईट असेल तर दोष तुमचा.

अडचण आली तर

गोळी सुटली नाही, रायफल अडकली, पडद्यावर गोळी उमटली नाही, शेजाऱ्याची गोळी तुमच्या टार्गेटवर आली: चारही वेळी एकच काम. रायफलचं तोंड टार्गेटकडंच ठेवून हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत पुढची गोळी मारू नका. पुढची मारलीत की आधीची तक्रार सिद्ध करणं अवघड. अडचण तुमच्या चुकीनं नसेल आणि तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर तेवढा वेळ वाढवून मिळतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त गेला किंवा दुसऱ्या पॉइंटवर हलवलं तर पाच मिनिटं जास्तीची आणि पुन्हा साइटर मिळतात. हे तुम्हाला मागायला लागतं. लाजून गप्प बसलेल्या पोराला कुणी आपण होऊन देत नाही.

तुमची मॅचची गोळी शेजारच्या टार्गेटवर गेली तर तुमच्या खात्यात शून्य. रांगेत मधल्या लेनवर असाल तर साइटमधून बघताना टार्गेटवरचा नंबर दिसेपर्यंत घाई करू नका, निदान पहिल्या गोळीला आणि प्रत्येक विश्रांतीनंतर.

पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे दोन गुण वजा, लाल म्हणजे बाहेर. हिरव्याला दंड हे आपल्याला चमत्कारिक वाटतं, पण आहे तसं. मागून प्रशिक्षकांनी बोलून काही सांगितलं तरी कार्ड निघू शकतं. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर रायफल रिकामी करून, फ्लॅग घालून, परवानगी घेऊन रेषेमागं या. घड्याळ तेव्हाही चालूच राहतं. आई-वडील आले असतील तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवा. ‘बेटा, हळू मार’ म्हणून प्रेमानं ओरडलेल्या आवाजाचा हिशोब पोराच्या नावावर लागतो.

शेवटची गोळी झाल्यावर

बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे का बघा, फ्लॅग घाला, आणि रेंज ऑफिसरनं बघितल्याशिवाय रायफल उचलू नका. स्कोअरवर सही मागितली तर सही करण्याआधी सहा मालिकांची बेरीज स्वतः करा. प्राथमिक निकाल फळ्यावर लागला की स्कोअरबद्दल हरकत घ्यायला दहा मिनिटं असतात. हरकतीला फी असते आणि हरकत मान्य झाली तर ती परत मिळते. किती, ते पत्रकात लिहिलेलं असतं. तेवढे पैसे सुटे जवळ ठेवा आणि निकाल लागेपर्यंत चहाला बाहेर जाऊ नका.

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: गोळीचा लॉट नंबर, डिटेलची वेळ, वारा कुठून, किती क्लिक, प्रत्येक मालिकेचा स्कोअर, आणि प्रत्येक दहाच्या खालच्या गोळीपुढं एक अक्षर. वाऱ्याची ‘वा’, ट्रिगरची ‘ट्रि’, पोझिशनची ‘पो’, कळलं नाही तर फुली. दोन-तीन स्पर्धांच्या वह्या शेजारी ठेवून कुठलं अक्षर जास्त येतंय ते मोजा, आणि पुढच्या महिन्याचा सराव त्या अक्षराचा ठेवा. फुल्याच जास्त असतील तर आधी मनात जागा सांगून मग पडदा बघायची सवय पक्की करा.